सोलापूरच्या वेशीवर नवी वसाहत: आधी पाणी, मग माती, मग प्लॉट

अक्कलकोट रस्ता घ्या, होटगी रस्ता घ्या, विजापूर रस्ता घ्या की बार्शी रस्ता. शहर संपले की शेतात चुन्याच्या रेषा आणि सिमेंटचे बुटके खांब दिसू लागतात. १९९२ च्या हद्दवाढीत आजूबाजूची गावे महापालिकेत आली. इतकी वर्षे झाली तरी 'हद्दवाढ भाग' म्हटले की सोलापूरकराला टँकर, चिखलाचा रस्ता आणि उघडे गटार आठवते. या भागांत आधी प्लॉट विकले गेले, मग घरे उठली, मग रस्ता मागितला गेला, त्यानंतर ड्रेनेज आणि सर्वांत शेवटी पाणी. नवी वसाहत नीट उभी करायची तर हा क्रम उलटा करावा लागतो. पाणी कुठून येणार आणि कुठून जाणार हे ठरल्याशिवाय कागदावर एकही प्लॉट आखू नये.

आकडे डोळ्यांसमोर राहावेत म्हणून खाली सगळीकडे दहा एकरांची जमीन धरली आहे. एक एकर म्हणजे ४० गुंठे आणि ४,०४७ चौरस मीटर, म्हणजे दहा एकर सुमारे ४०,४७० चौरस मीटर.

जमीन घेण्याआधी

सातबारा सगळेच बघतात, पण बहुतेकांची नजर नावावरच थांबते. भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २, हे आधी बघा. वर्ग २ असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय व्यवहार करू नका. इतर हक्काच्या रकान्यात कूळ, कूळकायद्याचे कलम ४३, इनाम, देवस्थान, पुनर्वसन असा एखादा शब्द असेल तर त्याचा फेरफार काढून मुळापर्यंत वाचा. वकिलाकडून किमान ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (जमिनीच्या जुन्या व्यवहारांचा शोध) घ्या. विहीर, पाणंद आणि शेजाऱ्याची वहिवाट सातबाऱ्यावर कित्येकदा नसते, म्हणून ग्राम महसूल अधिकाऱ्याबरोबर (पूर्वीचा तलाठी) शिवारात एकदा पायी फिरा. बैलगाडी जाणारी वाट प्लॉट पाडून बंद केली तर पुढे तहसीलदारांपुढे दावा उभा राहतो आणि तो बहुधा वाटेच्या बाजूने सुटतो.

भूमी अभिलेख खात्याची मोजणी करून 'क' प्रत (मोजलेल्या हद्दींचा नकाशा) हातात घ्या. सातबाऱ्यावरचे क्षेत्र आणि बांधावरचे क्षेत्र यांत पाच-दहा गुंठ्यांचा फरक निघणे नवलाचे नाही. दहा एकरांत दहा गुंठे कमी भरले तर सहा-सात प्लॉट हवेत जातात, आणि तोवर ते विकलेले असतील तर काय होते ते सांगायला नको.

झोन दाखला आणि भाग नकाशा हे दोन कागद याच टप्प्यावर काढा. महापालिका हद्दीत नगररचना विभाग आणि विकास आराखडा, हद्दीबाहेर प्रादेशिक योजना आणि जिल्ह्याचे नगररचना कार्यालय. जमीन निवासी पट्ट्यात असेल तर बिनशेतीचे काम बरेच सोपे होते. हिरव्या पट्ट्यात असेल तर गुंठ्या-गुंठ्याने विकण्याच्या भानगडीत पडू नका. तुकडेबंदीत (शेतजमिनीचे लहान तुकडे करण्यावरच्या बंदीत) अडकलेले प्लॉट घेणारा पुढची कित्येक वर्षे ना बँकेचे कर्ज मिळवू शकतो, ना बांधकाम परवानगी.

सोलापूरपुरत्या आणखी दोन गोष्टी तपासा. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाच्या टप्प्यात उंच इमारत बांधायची तर विमानतळ प्राधिकरणाचा उंचीचा ना-हरकत दाखला लागतो. उड्डाणाच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली गेली, हे शहराने पाहिले आहे. उत्तरेला नान्नजच्या बाजूला जमीन असेल तर माळढोक अभयारण्याच्या संवेदनशील क्षेत्रात ती येते का, तेही लेखी विचारून घ्या.

पाणी कुठून येणार

सोलापूरचे पाणी उजनीहून शंभरहून अधिक किलोमीटर लांबीच्या जलवाहिनीने येते. शिवाय भीमेवर टाकळीचा उपसा आहे आणि हिप्परग्याचा एकरूख तलाव आहे. नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांआड येणारे पाणी हौदात साठवून वापरायची सवय इथल्या प्रत्येक घराला आहे. वसाहतीचा आराखडा याच सवयीवर बेतावा. 'पुढे रोज पाणी येईल' या आशेवर पाइपांचे आणि टाक्यांचे आकार ठरवू नयेत.

हिशेब असा. दहा एकरांत साधारण १५५ प्लॉट बसतात (कसे, ते पुढे येईल). पाच-सात वर्षांत प्रत्येक प्लॉटवर तळमजला आणि वरचा मजला होतो, वर भाडेकरू येतो. म्हणजे दोन कुटुंबे, नऊ माणसे. एकूण १,४०० लोक. माणशी रोज १३५ लिटर धरले तर दिवसाला १,८९,००० लिटर. वसाहतीसाठी किमान दोन लाख लिटरची जमिनीतली टाकी आणि ६५ ते ७० हजार लिटरची उंच टाकी लागते. उंच टाकी दिवसातून तीनदा भरली की भागते. घराच्या हौदाचा हिशेब वेगळा. नऊ माणसे, १३५ लिटर, पाच दिवस: ६,०७५ लिटर. म्हणून प्लॉटचा नमुना नकाशा देतानाच सात हजार लिटरचा हौद दाखवा, आणि तो फाटकाच्या आत, नळाच्या जवळ दाखवा. जिन्याखाली कोंबलेला दोन हजारांचा हौद दुसऱ्याच दिवशी तळ दाखवतो. मग लोक थेट नळाला मोटर लावतात आणि गल्लीच्या टोकाच्या घराला थेंब येत नाही. वसाहतीची जलवाहिनी शक्यतो कड्यासारखी दोन्ही टोकांनी जोडा, आंधळ्या टोकाची ठेवू नका. प्रत्येक गल्लीला वेगळा व्हॉल्व्ह द्या.

बोअरवर भिस्त ठेवायची असेल तर परीक्षा एप्रिल-मेमध्ये घ्या. आपल्याकडे खाली बेसाल्ट आहे. पाणी कातळाच्या फटींत असते, त्यामुळे शेजारच्या बोअरला तीन इंच पाणी म्हणून आपल्याला लागेलच असे नाही. ऑक्टोबरात भरभरून पाणी देणारे बोअर मार्चमध्ये उचक्या देऊ लागते. सलग आठ तास उपसा करून दर अर्ध्या तासाला पाण्याची पातळी आणि प्रवाह लिहून ठेवा. मोटर बंद केल्यावर पातळी किती वेळात पूर्ववत होते, तो आकडा पहिल्या तासाच्या धारेपेक्षा जास्त खरा असतो. पाण्याची कठीणता आणि क्षार प्रयोगशाळेत तपासून घ्या.

छतावरचे पाणी सोडू नका. साडेपाचशे मिलीमीटर पाऊस धरला तरी ८० चौरस मीटर स्लॅबवरून, वीस टक्के वाया धरून, वर्षाला ३५,००० लिटर मिळतात. पाचशे चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटला पर्जन्यजल संकलन नियमानेच बंधनकारक आहे. लहान प्लॉटलाही ते करायला लावा. शोषखड्डा मात्र काळ्या मातीत संपवू नका. तो फुटक्या मुरमापर्यंत गेला पाहिजे, नाहीतर पाणी साचून डास होतात.

पाणी कुठे जाणार

पाऊस कमी, म्हणून गटारे छोटी केली तरी चालतील, असा समज इथे फार आहे. सोलापूरचा पाऊस परतीच्या वाटेवर, सप्टेंबर-ऑक्टोबरात, एकदम कोसळतो. ऑक्टोबर २०२० आणि सप्टेंबर २०२५ दोन्ही वेळा जिल्ह्याने पूर पाहिला. दुसऱ्या वेळी सीना नदीने काठची गावे बुडवली. शहराजवळ आदिला नदी आणि तिला मिळणारे ओढे उन्हाळ्यात पायवाटेसारखे दिसतात, म्हणून त्यांच्यावर भराव टाकून प्लॉट पाडले जातात. ओढ्याला त्याची वाट आठवते. गावाचा जुना नकाशा काढून जमिनीतून किंवा बांधालगत जाणारा प्रत्येक ओढा, ओघळ आणि वरच्या शेतांतून येणारे पाणी खुणवा, आणि ती जागा मोकळीच ठेवा.

आपल्याच दहा एकरांचे पाणी किती? तासाला ६० मिलीमीटर पाऊस आणि ०.६ वाहगुणांक (पडलेल्या पाण्यापैकी वाहून जाणारा भाग) धरला तर बाहेर पडणारा प्रवाह सेकंदाला ४०० लिटरच्या आसपास जातो. ६० सेंटिमीटर रुंद, ६० सेंटिमीटर खोल आरसीसी गटार, २०० मीटरला एक मीटर उतार, वरची १० सेंटिमीटर मोकळी सोडली तर सेकंदाला ४६० लिटर वाहून नेते. म्हणजे शेवटच्या टोकाला एवढे गटार लागतेच, आणि वरच्या शेतांचे पाणी त्यात येत असेल तर त्याहून मोठे. गल्लीतली गटारे ३० बाय ४५ चालतील. झाकणे काढता येतील अशी ठेवा. जी झाकणे उचलता येत नाहीत त्यांच्याखालचा गाळ कुणीही काढत नाही.

मैलापाण्याचा विचार वेगळा करा. महापालिकेची ड्रेनेज लाइन जवळ असेल तर तिच्या चेंबरची तळपातळी मोजणीच्या दुर्बिणीने मोजून घ्या. ती आपल्या सखल कोपऱ्यापेक्षा वर असेल तर पंप बसवावा लागेल, आणि पंप बसवला की वीजबिल कायमचे. लाइन नसेल तर सेप्टिक टँक आणि शोषखड्डा हे उत्तर काळ्या मातीत फसते: पावसाळ्यात माती फुगते, पाणी शोषत नाही, खड्डा तुंबतो आणि मैला उघड्या गटारात येतो. पाण्याच्या ऐंशी टक्के मैलापाणी धरले तर दिवसाला दीड लाख लिटर. ७५ हजार लिटरचे दोन भाग असलेला शुद्धीकरण प्रकल्प बांधा. पहिला भाग सुरुवातीला, दुसरा वस्ती भरल्यावर. मोठे यंत्र अर्धे रिकामे चालले तर त्यातले जिवाणूच उपाशी मरतात. जागा अडीचशे-तीनशे चौरस मीटर, सखल कोपऱ्यात. वारा बहुतेक पश्चिम-नैऋत्येकडून येतो, म्हणून जमला तर पूर्वेचा कोपरा घ्या. शुद्ध केलेले पाणी झाडांना वापरा.

मैलापाण्याच्या नळाचा उतार हा सोलापुरात खर्चाचा मुद्दा आहे. १५० मिलीमीटरचा नळ शंभराला एक उताराने टाकला तर ३०० मीटरवर तो तीन मीटर खाली जातो. सुरुवातीची एक मीटर खोली धरून चार मीटर. तिथे कातळ लागतो आणि ब्रेकर लावावा लागतो. मुख्य लाइनला २०० मिलीमीटरचा नळ दोनशेला एक उताराने टाकला तर तेच अंतर दीड मीटरच्या उतरणीत होते. पाण्याला सेकंदाला ०.६ मीटर वेग मिळाला पाहिजे. त्याहून कमी मिळाला तर घाण बसते. प्रत्येक ३० मीटरवर आणि प्रत्येक वळणावर चेंबर. अकराशे मीटर रस्त्याला ४० च्या आसपास चेंबर येतात. माती लोटण्याआधी एका चेंबरमधून बॅटरीचा उजेड सोडा आणि पुढच्या चेंबरमध्ये आरसा धरा. आरशात पूर्ण गोल दिसला तर नळ सरळ आहे. अर्धचंद्र दिसला तर कुठेतरी नळ बसला किंवा उचलला गेला आहे, तो भाग उकरून पुन्हा टाका. पिण्याच्या पाण्याची लाइन मैलापाण्यापासून तीन मीटर लांब ठेवा आणि छेदते तिथे अर्धा मीटर वरून न्या.

माती

आराखड्यावर हात ठेवण्याआधी जेसीबीने सहा ते आठ खड्डे घ्या, जमिनीच्या चारी कोपऱ्यांत आणि मध्ये. काळी माती किती, पिवळा मुरूम कुठे, कातळ कुठे, हे प्रत्येक खड्ड्याच्या भिंतीवर टेप लावून लिहा. माळावर दोन फुटांत मुरूम लागतो. ओढ्याकाठी दहा फूट गेले तरी काळीच.

माती किती फुगते, हे बघायला मोठी यंत्रे लागत नाहीत. वाळवून बारीक चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन काचेच्या मोजपात्रांत घ्या. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल, दोन्ही शंभर मिलिलिटरच्या खुणेपर्यंत. बुडबुडे ढवळून काढा आणि २४ तास ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. समजा रॉकेलमध्ये माती १० च्या खुणेवर बसली आणि पाण्यात १७ वर. फुगण्याचे प्रमाण ७० टक्के. पन्नासच्या वर आकडा गेला की ती माती घर आणि रस्ता दोन्ही हलवणार.

ती हलते म्हणजे काय? मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, जूनमध्ये पाणी पिऊन ती वर उचलते. त्यावर वरवर बसवलेला पाया दरवर्षी एकदा उचलला जातो आणि एकदा बसतो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते ती त्यामुळे. पाया मुरमापर्यंत न्या, प्लिंथ (जोत्याचा) बीम टाका, फरशीखाली काळी माती काढून किमान ६० सेंटिमीटर मुरूम दाबून भरा, घराभोवती एक ते दीड मीटर रुंदीची उताराची फरसबंदी करा. तीन मीटरहून खोल काळी असेल तर तळाशी फुगा असलेले पाइल (जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब) टाकतात. तिथे बांधकाम अभियंत्याला विचारल्याशिवाय काही करू नये.

आखणी

आता प्लॉट. दहा एकरांत खुली जागा दहा टक्के, म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. जमीन दोन हेक्टरहून मोठी, म्हणून विकास आराखड्याच्या क्षेत्रात सुविधा भूखंड (बालवाडी, दवाखाना अशा सोयींची जागा) पाच टक्के, २,०२३. रस्ते साधारण २७ टक्के, ११,००० च्या आत. उरतात सुमारे २३,४०० चौरस मीटर. सरासरी दीडशेचा प्लॉट धरला तर १५५. म्हणजे विकण्याजोगी जमीन ५८ टक्के. जो दलाल ७० टक्के सांगतो, तो रस्ते किंवा बाग खातो आहे.

डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे अंतर्गत रस्ता १५० मीटर लांबीपर्यंत ९ मीटर, ३०० पर्यंत १२ मीटर, त्यापुढे १५ मीटर. शक्य तेवढे रस्ते पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे घरांची तोंडे उत्तर-दक्षिण होतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. पश्चिमेकडे तोंड असलेली खोली रात्री अकरापर्यंत भट्टीसारखी तापलेली राहते. तिथे जिना, मोरी, स्वच्छतागृह टाका. खुली जागा मधोमध द्या. तिला उरलेला चिंचोळा कोपरा दिला तर तिथे ना मुले खेळतात, ना झाडे जगतात.

सोलापूरचे घर बऱ्याचदा कारखानाही असते. बायका घरी विड्या वळतात, कपडे शिवतात. समोरच्या खोलीला उत्तरेचा उजेड, रुंद खिडकी आणि बसायला मोकळी फरशी असेल असा नमुना नकाशा द्या. कुंभारीला रे नगरमध्ये विडी आणि असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांची वसाहत उभी राहिली. त्यांतल्या १५,००० घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या. वसाहत लहान असो वा मोठी, सुविधा भूखंडावर बालवाडी, दवाखाना आणि किराणा पहिल्या वर्षातच आले नाहीत तर लोक राहायला येत नाहीत, नुसते प्लॉट धरून बसतात.

रस्ता सर्वांत शेवटी

क्रम ठरलेला आहे: मैलापाण्याची लाइन, पावसाचे गटार, पाण्याची लाइन, वीज आणि इंटरनेटचे पाइप, मग रस्ता. दर दोन प्लॉटांमागे रस्त्याखालून ११० मिलीमीटरचा रिकामा पीव्हीसी पाइप आडवा टाका आणि त्याची जागा कर्बवर (रस्त्याच्या कडेच्या दगडावर) रंगाने लिहा. हा पाइप नसेल तर प्रत्येक नव्या नळजोडणीला काँक्रीट फुटते.

सहा मीटर रुंद गाडीवाट, ६० सेंटिमीटर काळी माती उपसा. त्यावर ४५ सेंटिमीटर मुरूम, पंधरा-पंधराच्या तीन थरांत, पाणी मारून दहा टनी रोलरने. मग १५ सेंटिमीटर खडीमिश्रित थर. अकराशे मीटरला मोकळा मुरूम सुमारे १,३५० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) लागतो. तो स्वतःच्या जमिनीतून काढला तरी गौण खनिजाचा परवाना आणि रॉयल्टी लागतेच. चुकवली तर दंड मूळ रकमेच्या कितीतरी पट. उपसलेली काळी माती बागेला वापरा, उरलेली माळरानाचे शेतकरी आनंदाने नेतात.

काँक्रीट एम ३० दर्जाचे, जाडी १५ ते १८ सेंटिमीटर. उन्हाळ्यात ते दुपारी चारनंतरच ओता. सांध्यांचे काप दर चार मीटरवर, जाडीच्या एक तृतीयांश खोल. आपल्या उन्हात दुसऱ्या सकाळची वाट पाहिली तर काँक्रीट स्वतःच, वेडेवाकडे, चिरते. चौदा दिवस ओली गोणपाटे. रस्त्याच्या मध्यापेक्षा घराची प्लिंथ ६० सेंटिमीटर वर ठेवायची अट खरेदीखतातच लिहा.

विजेसाठी ३१० जोडण्या, प्रत्येकी तीन किलोवॅट, एकाच वेळी चाळीस टक्के वापर आणि ०.९ पॉवर फॅक्टर धरला तर सुमारे ४१५ केव्हीए होतात. पंप आणि दिवे मिळून पावणेपाचशे. महावितरणच्या ३१५ केव्हीएच्या दोन डीपींची (रोहित्रांची) जागा आराखड्यात आधीच राखा. जमिनीवरून उच्चदाबाची तार जात असेल तर तिच्याखाली प्लॉट पाडू नका.

झाडांना एक मीटर लांब, रुंद, खोल खड्डा. पोयटा आणि शेणखत. कडुनिंब, करंज रस्त्याला, वड-पिंपळ फक्त खुल्या जागेत. घराच्या पायापासून पाच-सहा मीटर लांब, कारण काळ्या मातीत मुळे पाणी ओढतात आणि तिथली जमीन बसते.

विक्री आणि हस्तांतरण

पाचशे चौरस मीटरहून मोठ्या आणि आठहून अधिक प्लॉटांच्या प्रकल्पाला महारेराची (स्थावर मालमत्ता प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची) नोंदणी लागते. नंबर आणि क्यूआर कोड मिळाल्याशिवाय जाहिरातीचा एक फलकही लावू नका. ग्राहकांच्या पैशांतले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात राहतात आणि जमीन-बांधकामासाठीच निघतात. तात्पुरता ले-आऊट मंजूर झाला की जागेवर आखणी, त्याची मोजणी, आणि मगच अंतिम मंजुरी. प्लॉटांची खरेदीखते अंतिम मंजुरीनंतरच करा.

रस्ते आणि खुली जागा महापालिकेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे ताब्यात देताना नुसत्या ताबा पावतीवर थांबू नका. सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर त्यांचे नाव लागले का, हे बघा. ते न लागल्याने वीस वर्षांनी मूळ मालकाचे वारस येऊन बागेवर हक्क सांगतात. शुद्धीकरण प्रकल्प, पंप आणि उंच टाकी रहिवाशांच्या संस्थेकडे देताना चालवून दाखवा, व्हॉल्व्हचा नकाशा लॅमिनेट करून पंपघराच्या भिंतीवर लावा, आणि चेंबरच्या तळपातळ्यांचा तक्ता त्याच्या शेजारी.